पाठकोऱ्या कागदांची वही

३ मार्च, सोमवार

आज घरात आले ते: दिव्याचे तेल महिन्याचे, सव्वाचार. जाड दोरा एक रीळ, चाळीस पैसे. बूटपॉलिशची डबी एक, पंच्याऐंशी पैसे (पंधरवड्यातली दुसरी). रबरी चपलांचे जोड चार, कारखान्याच्या मालकाकडून 'सहज म्हणून'. बाजारभाव जोडी साडेपाच, म्हणजे बावीस मनीऑर्डरने पाठवायचे. पत्रे सत्तावीस, किंमत काही नाही.

आजपासून नवी वही. नवी म्हणजे आमच्या घरातली नवी, पाठकोऱ्या कागदांची. हे पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून, सोळा वर्षे, कामगारांची पत्रे ऑफिसात न जाता घरीच येतात. पहिल्या निवडणुकीत ह्यांनी चौकाचौकात सांगितले होते, "ऑफिसात कागद उंदीर खातात. माझ्या घरी पाठवा, माझी बायको उघडेल!" लोक हसले, आणि पत्रे येऊ लागली. दोनदा निवडून आले, तिसऱ्यांदा पडले, मग सरकारने राज्याचे कामगार आयुक्त केले. खुर्ची बदलली, पत्ता तोच राहिला.

उघडते मी. नाव-पत्ता असलेली पत्रे ह्यांच्या टेबलावर जातात. वाचले की उजव्या कोपऱ्यात वर तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण आणि खाली तारीख, ही ह्यांची जुनी सवय. त्यातली कामाची ऑफिसात, उरलेली माझ्या टोपलीत. निनावी पत्र मात्र न दाखवताच टोपलीत टाकायचे. "निनावी म्हणजे शिवी नाहीतर चहाडी," हा ह्यांचा नियम. टोपलीतले जे एका बाजूने कोरे असतील ते मी कोरी बाजू वर करते, दोन बोटे समास दुमडून शिवते आणि त्यावर हिशेब नि दोन ओळी मनाच्या लिहिते. विकतची वही मी लग्नानंतर घेतलेली नाही.

वन्सं (ह्यांची थोरली बहीण, यजमान गेल्यापासून आमच्याकडेच) आज शिवताना बघून म्हणाल्या, "तुझी वही उलटी धरली की आतून कुणीतरी रडत असतं बघ."

मालक चपला घेऊन आले तेव्हा चहाला बसले होते. पुढच्या वर्षी ह्यांनी पुन्हा उभे राहावे असे वरून चालले आहे. मालक म्हणाले, "साहेब, तुम्ही नुसता अर्ज भरा. गाड्या, माणसं, कागद सगळं माझ्याकडे." ह्यांनी डावा हात वर केला. त्या हाताची दोन बोटे तरुणपणी यंत्रात गेली आहेत. भाषणातही असाच हात वर करतात. मालक हसले. हे हसले नाहीत. थकले असतील.

पॉलिश इतके कसे संपते विचारले तर म्हणाले, "आयुक्ताचे बूट चमकायला नकोत?"

६ मार्च, गुरुवार

बावीस पाठवले. पावती आली की इथे टाचीन.

सकाळी दूध फाटले, आणि नेमके तेव्हाच टाचणी आले. टाचणी म्हणजे ह्यांच्या हाताखालचे कारखाना तपासनीस. अंगाने तसेच आहेत, आणि खिशात टाचण्यांची डबी असतेच. साहेबांनी ठेवलेले नाव आता त्यांची बायकोही घेते. निवृत्तीला तीन वर्षे राहिली आहेत, दोन मुली लग्नाच्या.

बिनदुधाचा चहा घेऊन गेले तर उभेच होते. म्हणत होते, "साहेब, चपलांच्या कारखान्यातल्या बायका काहीबाही बोलतात. मी जातो तेव्हा सगळं चकाचक असतं. एकदा न कळवता जाऊ द्या मला."

"लेखी तक्रार आहे?"

"लेखी कोण देणार साहेब? पोट आहे."

"मग आठ दिवसांची नोटीस देऊन जायचं. अचानक जायचं तर लेखी तक्रार लागते, नियम तुम्हाला मी शिकवायचा का?"

टाचणींनी चहा संपवला आणि मला म्हणाले, "वहिनी, काळा चहाही तुमच्या हातचा चांगलाच होतो." भला माणूस. पण नियम तो नियम. ह्यांचे मला हेच आवडते, ओळखीच्या माणसासाठीही वाकत नाहीत.

ते गेल्यावर हे पुन्हा बूट घेऊन बसले. वन्सं दाराशी डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लहानपणी हा असाच. काही फोडलं, कुणाचं काही लपवलं, की बसला चपला पुसत. आई चपलांकडे बघून ओळखायची." हे म्हणाले, "ताई, डाळ निवड." आम्ही दोघी हसलो.

११ मार्च, मंगळवार

हिशेब नाही.

सकाळी पावणेअकराला फोन आला. चपलांच्या कारखान्याला आग. तळवे चिकटवायच्या सोल्यूशनच्या पिंपांनी पेट घेतला. हे तसेच निघाले.

संध्याकाळी आले. बुटांवर काजळी होती. उंबऱ्याशी उभे राहिले, आत येईनात. मी पाणी दिले. म्हणाले, "मागचं दार."

"काय झालं मागच्या दाराला?"

"कुलूप होतं."

"भरदिवसा कुलूप कशाला?"

"बायका चपला चोरतात म्हणून."

दाराशी चार जोड तसेच पडले होते. वन्संनी उचलून परसात ठेवले. मी देवापुढे दिवा लावला, पण रोजचा पाठ अर्ध्यावर विसरले. तोंडपाठ आहे तरी.

१५ मार्च, शनिवार

एकतीस. पेपरात यादी आली आहे. चेहऱ्यांवरून ओळख पटण्यासारखी नव्हती, म्हणून गळ्यातल्या पितळी बिल्ल्यांवरून लावली. आधी बिल्ल्याचा आकडा, मग नाव, मग वय.

यादी वाचताना एका आकड्यावर डोळा अडला. २१४. हा आकडा मी कुठेतरी वाचला आहे. दिवसभर आठवत होते. भाजीचा? घराचा? पावतीचा?

१६ मार्च, रविवार

सापडला.

पाठाला बसले होते आणि एकदम आठवले, पत्राखाली नावाच्या जागी लिहिले होते. उठले, टोपली उपसली, जुन्या वह्या उलट्या करून पाहिल्या. शेवटी ही वही उलटी केली. पहिलेच पान. ज्यावर मी तेल, दोरा नि पॉलिश लिहिले, त्याच्या मागे. जसे आहे तसे उतरवते (प्रत्येक ओळीचे शेवटचे अक्षर शिवणीत गेले आहे, ते अंदाजाने):

'साहेब, कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप असते. किल्ली मुकादमाच्या कमरेला. तपासणी यायची असली की आदल्या दिवशी कुलूप काढतात आणि आम्हालाच झाडायला लावतात. दाराजवळ सोल्यूशनची पिंपे आहेत. आम्ही दोनशे बायका आहोत. पुढचे दार एक माणूस जाईल एवढेच. तुम्ही स्वतः कामगार होता म्हणून लिहिते. नाव लिहीत नाही, काम जाईल. सांगून येऊ नका. बिल्ला २१४.'

यादीत २१४ पुढे नाव छापले आहे. वय सव्वीस. नाव मी इथे लिहीत नाही. तिने स्वतः लिहिले नव्हते.

निनावी, म्हणून मी टोपलीत टाकले असणार. ह्यांना दाखवलेच नाही. दाखवले असते तर टाचणींना त्याच दिवशी पाठवले असते. लेखी तक्रार, लेखी तक्रार म्हणत होते ते, आणि लेखी तक्रार माझ्या टोपलीत! कागद वाचवायच्या नादात मी काय करून बसले.

हे सकाळीच वरिष्ठांच्या बोलावण्यावरून बाहेरगावी गेले. दहा दिवस. असली गोष्ट फोनवर बोलायची नाही. आले की तोंडाने सांगेन.

२० मार्च, गुरुवार

टाचणींना निलंबित केले. मालकाकडून पैसे खाऊन खोटा अहवाल लिहिला असा आरोप. त्यांच्या मागच्या तपासणीच्या अहवालात 'मागील दार उघडे व मोकळे' असे आहे. मालकाला जामीन मिळाला.

दुपारी त्यांची बायको आली. बसायला सांगितले तरी उभी. मी पाणी पुढे केले तर म्हणाली, "पाणी नको वहिनी, उत्तर द्या. ह्यांनी दार उघडं लिहिलं, कारण त्या दिवशी उघडंच होतं. आठ दिवस आधी चिठ्ठी पाठवून गेल्यावर कोण कुलूप ठेवील? ह्यांनी साहेबांकडे अचानक जायची परवानगी मागितली होती, इथेच, ह्याच खोलीत. साहेब म्हणाले, लेखी आणा. आता आगीची चौकशी समिती म्हणते, तक्रारच नव्हती तर तुम्हाला संशय आला कुठून? म्हणजे कुलूप तुम्हाला माहीत होतं, नि पैसे घेऊन गप्प बसलात."

"साहेब सांगतील समितीला," मी म्हटले.

"सांगतील ना?"

"सांगतील म्हणजे काय! खोटं बोलायचे नाहीत ते."

"मोठ्या मुलीची सोयरीक मोडली काल. लोक टाचणीचा दाभण करून मोकळे झाले." स्वतःच्याच बोलण्यावर ती हसली, आणि मग भिंतीला टेकून रडली.

वही शेजारच्याच फळीवर होती. मी सांगितले नाही. आधी नवऱ्याला सांगावे, मग जगाला, असे मला वाटले. ती गेल्यावर वाटले, ही नुसती भीती होती.

२७ मार्च, गुरुवार

हे बाहेरगावाहून परस्पर समितीपुढे गेले. साक्ष संध्याकाळच्या पेपरात आली आहे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी विचारले, कारखान्याविषयी लेखी वा तोंडी तक्रार आपल्याकडे आली होती का? ह्यांनी शपथेवर सांगितले, नाही. तपासनिसाने अचानक तपासणीची परवानगी मागितली होती का? नाही.

पहिले 'नाही' माझ्यामुळे. ह्यांना माहीतच नव्हते.

दुसरे ह्यांच्या लक्षातून गेले असेल. किती माणसे येतात रोज. मला आठवते, कारण त्या दिवशी दूध फाटले होते. ह्यांना दुधाचे काय.

२९ मार्च, शनिवार

सांगितले.

हे जेवून आरामखुर्चीत बसले होते. मी वही नेऊन पुढे धरली. "अहो, माझ्या हातून फार मोठा अपराध झालाय," म्हटले आणि सगळे बोलले. हे वही उलटी धरून बराच वेळ बघत राहिले. वाचायला एवढा वेळ लागत नाही. शिवणीवर अंगठा दाबून धरला होता, नखाखाली पांढरे झाले होते.

मग म्हणाले, "निनावी होतं. नियमाप्रमाणे टाकलंस. झाली चूक. मी कुणाला बोलणार नाही."

मला रडू आले. मी म्हटले, "टाचणींसाठी तरी समितीला सांगू या. मी येते, मी सांगते माझी चूक."

"वेडी आहेस का? मी शपथेवर नाही म्हणून आलोय. आता कागद निघाला तर कोण म्हणेल बायकोने दाखवला नाही? दोघंही जाऊ. हे पान जाळून टाक, आजच्या आज." आणि पान उपटायला हात घातला.

"उपटू नका," मी म्हटले, "सगळी शिवण सुटेल. पुढची पानं गळतील. मी नीट उसवून काढते."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग एकदम हसले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "बरं, उसव." तेवढ्यात कारकून गाडी आल्याचे सांगायला आला आणि हे गेले.

किती मोठे मन. एक शब्द रागाचा नाही.

३० मार्च, रविवार

पान जाळायचे, पण त्यावरचा ३ तारखेचा मजकूर हिशेबाचा आहे. तो आधी दुसऱ्या कागदावर नकलून घेतला. (वहीत पहिले पान आता ते आहे.) मग सुईने एकेक टाका उचलला. समास उलगडला.

उजव्या कोपऱ्यात वर तांबडे दिसले. आधी वाटले, माझेच बोट टोचले आणि रक्त लागले. बोट पुसले. बोट कोरडे होते.

बरोबरची खूण. खाली २४/२.

म्हणजे मी टोपलीत टाकले नव्हते. नाव नसले तरी मी ते टेबलावर ठेवले होते. आता आठवते, बिल्ल्याचा आकडा म्हणजे नावच की, असे मनात म्हणून ठेवले होते. टोपलीत ते ह्यांच्या टेबलावरून आले.

२४ फेब्रुवारी. ६ मार्चला टाचणी उभे होते. "लेखी तक्रार आहे?" असे ह्यांनी विचारले.

मागच्या वहीत पॉलिशच्या डब्या शोधल्या. पंधरवड्यातली पहिली, २५ फेब्रुवारी.

पान जाळले नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले.

३१ मार्च, सोमवार

सकाळी हे ओटीवर बूट घेऊन बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बिल्ला २१४ चं पत्र मी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं."

ब्रश चालूच. "जाळलंस ना?"

"चोवीस तारखेला वाचलंत तुम्ही."

ब्रश थांबला. एक हात बुटात तसाच राहिला. मग म्हणाले, "मला त्या बायकांचं काही नाही असं वाटतं तुला? ही बोटं बघ माझी." हात वर केला. माझ्यासाठी हा हात त्यांनी कधी वर केला नव्हता. "छापा घातला असता तर मालकाने कारखाना बंद करून दुसरीकडे हलवला असता. दोनशे जणी घरी बसल्या असत्या. आणि तो गेला असता विरोधकांच्या मांडवात. एकदा निवडून आलो की मी स्वतः जाऊन ते कुलूप तोडणार होतो. आठ-दहा महिन्यांचा प्रश्न होता."

"पंधरा दिवसांचा होता," मी म्हटले.

ब्रश पुन्हा फिरू लागला.

"आणि परवा मला म्हणालात, झाली चूक."

"तूच म्हणालीस, तुझी चूक. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"टाचणींचं काय?"

"वर्षभराने बघू. निवृत्तिवेतन तरी सोडवू त्याचं."

"आणि तोवर तुरुंगात घातलं तर?"

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. मग हात पुढे केला, "पान दे."

दिले नाही. सोळा वर्षांत ह्यांनी मागितलेला कागद मी दिला नाही, असे कधी झाले नव्हते. हे उठले नाहीत, ओढून घेतले नाहीत. हळू म्हणाले, "विचार कर. हे घर सरकारी आहे. मी पडलो तर तू आणि ताई कुठे जाल? तुला कळतं, तू हिशेबी आहेस." आणि बूट घालून ऑफिसला गेले. जाळीन अशी खात्री आहे त्यांना. आजवर सांगितलेले सगळे मी केलेच आहे.

दिवसभर देवापुढे बसले. काही सांगितले नाही देवाने. बहुधा सांगायचे होते ते कोपऱ्यात तारखेसकट लिहून झाले होते.

१ एप्रिल, मंगळवार

वन्संना सगळे वाचून दाखवले. खूण दाखवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पान डोळ्याशी नेले. म्हणाल्या, "त्याचंच अक्षर. चारचा आकडा असाच उघडा काढतो, पाटीवर काढायचा तसा."

"वन्सं, घर जाईल."

"मी कुठे जाऊ मग ह्या वयात?" बराच वेळ डाळीच्या ताटात बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसलीस काय? पोस्ट चारला बंद होतं."

जुन्या चपला घालून गेले. रजिस्टर केले, पावती इथे टाचली आहे. खिडकीतल्या माणसाने विचारले, "आत काही मौल्यवान आहे का बाई? तसं असेल तर विमा लागतो." म्हटले, "पाठकोरा कागद आहे." तो म्हणाला, "म्हणजे तोही आता कोरा राहिलेला नाही," आणि शिक्का मारला. त्याला पाकीट उघडून दाखवले होते, नोटा नाहीत हे दिसावे म्हणून.

येताना वाटले, ह्यांना डब्यात चिठ्ठी पाठवून कळवावे. मग वाटले, नको. तिने लिहिले होते, सांगून येऊ नका.

पाठवलेल्या पत्राची नक्कल:

'मा. अध्यक्ष, कारखाना आग चौकशी समिती, यांस सा. न. वि. वि.

मी कामगार आयुक्तांची पत्नी. शिक्षण मॅट्रिक. सोबत पान एक पाठवीत आहे. त्याच्या एका बाजूला बिल्ला क्र. २१४ हिची लेखी तक्रार आहे. उजव्या कोपऱ्यातली तांबडी खूण व तारीख माझ्या यजमानांच्या हातची आहे, त्यांच्या थोरल्या बहिणीनेही ती ओळखली आहे. पानाच्या दुसऱ्या बाजूला माझ्या घरचा ३ मार्चचा हिशेब आहे. तो खोडलेला नाही, कारण तो खरा आहे, आणि पान माझ्याच घरात होते हे त्यावरून कळावे.

६ मार्च रोजी सकाळी तपासनिसांनी न कळवता तपासणीला जाण्याची परवानगी माझ्यासमक्ष मागितली होती व ती नाकारली गेली. बोलावल्यास शपथेवर सांगेन. त्यांनी पैसे घेतले की नाही हे मला माहीत नाही, पण लेखी तक्रार मागितली गेली तेव्हा ती आमच्या घरात होती.

पत्र वाचून टोपलीत टाकले गेले व त्यावर मी तेल, दोरा लिहिला, हा दोष माझ्या बाजूने जेवढा असेल तेवढा लिहून घ्यावा. माझे यजमान वाईट नाहीत असे मी सोळा वर्षे समजत आले, त्याचे काय करायचे ते मी पाहीन.

तरी हे पान आपल्या हाती पडल्याचे उलट टपाली कळवावे. उत्तर घरच्याच पत्त्यावर पाठवावे. आमच्याकडचे टपाल मीच उघडते.'